पर कापलेला ठेवा, पर असलेला सोडा: कोलंबिया नदीतल्या सॅमनचा हिशोब कसा चालतो

मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा इकडे अमेरिकेत पोर्टलंडला आले होते तेव्हा त्यांना कोलंबिया नदीवरचं बोनव्हिल धरण दाखवायला नेलं. तिथे तळमजल्यावर जाड काचेची खिडकी आहे, पलीकडे नदीचं हिरवट पाणी आणि त्यातून वर चढत जाणारे मासे, अगदी हाताच्या अंतरावर. बाबा रत्नागिरीचे, आयुष्यभर कल्ले उघडून बघितल्याशिवाय मासा न घेतलेले, ते काचेला नाक लावून अर्धा तास उभे. मग म्हणाले, "अरे, याला शेपटीच्या अलीकडचा हा छोटा पर नाहीये. त्याच्या मागच्यालाही नाही. पण तो बघ, त्याला आहे. कोणी कापलाय का?"

कापलाय. मुद्दाम, तो मासा बोटभर असताना.

त्याच आठवड्यात आमच्या मराठी ग्रुपवर एकजण वैतागला होता, लायसन्सचे पैसे भरले, नवीन गळ-दोरी घेतली, शनिवारी पहाटे निघायचं ठरवलं आणि शुक्रवारी संध्याकाळी नोटीस आली की उद्यापासून नदीच्या या पट्ट्यात स्टीलहेड मासा पकडून ठेवायला बंदी. नदीत मासे उड्या मारताना दिसतायत आणि हे बंद करतात, कशासाठी? तर बाबांचा प्रश्न आणि त्याचा प्रश्न, दोन्हीचं उत्तर एकच आहे, फक्त ते जरा लांबून सांगावं लागतं.

आधी मासा समजून घेऊ

सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि परत आपल्या त्याच ओढ्यात येऊन अंडी घालतो. त्याच म्हणजे अक्षरशः त्याच, शेकडो किलोमीटर उलटं पोहून, पाण्याच्या वासावरून घर शोधत. कोलंबियात चिनूक, कोहो, सॉकाय असे त्याचे प्रकार येतात. अंडी घातली की सॅमन मरतो, आणि त्याच्या कुजलेल्या शरीरावर तो ओढा, तिथले किडे, झाडं, अस्वलं जगतात.

स्टीलहेड हा त्याचा भाऊबंद. हिमाचल-काश्मीरला गेलात की थाळीत जो रेनबो ट्राउट येतो ना, तीच जात, फक्त इथे त्यातले काही मासे समुद्रात जाऊन येतात आणि त्यांना स्टीलहेड म्हणतात. हा अंडी घालून मरेलच असं नाही, काही पुन्हा समुद्रात जातात आणि पुन्हा येतात.

कोलंबिया नदी कॅनडात उगम पावून साधारण २,००० किलोमीटर वाहत पॅसिफिकला मिळते आणि तिचं खोरं महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं आहे. गोरे लोक यायच्या आधी या खोऱ्यात वर्षाला १ ते १.६ कोटी सॅमन-स्टीलहेड परत येत असावेत असा अंदाज आहे. आता चांगल्या वर्षीही वीस-पंचवीस लाख म्हणजे खूप झाले, आणि त्यातलेही बहुतेक माणसाने वाढवलेले.

मासे गेले कुठे आणि हॅचरी आली कुठून

१८६६ मध्ये कोलंबियावर मासे डबाबंद करायचा पहिला कारखाना सुरू झाला आणि मग पुढची कित्येक वर्षं नुसती लूट. जंगलतोड झाली, ओढ्यांतली वाळू-खडी गेली, शेतीला पाणी वळवलं. मग धरणं. १९३८ मध्ये बोनव्हिल पूर्ण झालं, त्याला निदान माशांचा जिना होता, म्हणजे पायरी-पायरीने पाणी खाली येतं आणि मासा उड्या मारत वर जातो. १९४२ चं ग्रँड कूली मात्र इतकं उंच की जिनाच केला नाही, वरचा सगळा पट्टा माशांना कायमचा बंद. १९५७ मध्ये द डॅलस धरणाच्या पाण्याखाली सेलाइलो धबधबा गेला, जिथे नेटिव्ह लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, हजारो वर्षं मासे धरत होते, बाजार भरत होता, सोयरिकी जुळत होत्या. कोयनेच्या, उजनीच्या पाण्याखाली ज्यांचं गाव गेलं त्यांना हे दुःख काय असतं ते वेगळं सांगायला नको.

या नुकसानीची भरपाई म्हणून सरकारने हॅचऱ्या उभ्या केल्या. हॅचरी म्हणजे आपल्याकडचं मत्स्यबीज केंद्र: मादीची गाबोळी काढायची, नराचं वीर्य मिसळायचं, ट्रेमध्ये अंडी उबवायची, सिमेंटच्या लांबट टाक्यांत पिल्लं वाढवायची आणि बोटुकली झाली की नदीत सोडायची. १९३८ च्या मिचेल कायद्याने यासाठी पैसे दिले, पुढे १९७६ मध्ये कोलंबियाला मिळणाऱ्या स्नेक नदीवरच्या चार धरणांच्या बदल्यात आणखी एक योजना आली. आज खोऱ्यातल्या सगळ्या हॅचऱ्या मिळून वर्षाला १४ कोटींच्या आसपास बोटुकली सोडतात.

आता भरपाई म्हणून पैसे द्यावेत तसे मासे दिले, ठीक, पण पैसा पैशासारखाच असतो. मासा माशासारखा असतो का?

गावरान आणि ब्रॉयलर

गावरान कोंबडी आणि ब्रॉयलर दोन्ही कोंबड्याच, पण ब्रॉयलरला रानात सोडून बघा संध्याकाळपर्यंत टिकते का. हॅचरीतल्या पिल्लाला दाणे वरून पडतात, त्यामुळे सावली पडली की ते वर येतं, आणि नदीत सावली म्हणजे बगळा. टाकीत जो धीट, जो जास्त खातो तो जगतो, नदीत तोच आधी मरतो. म्हणजे टाकी नकळत वेगळाच मासा निवडत असते, आणि हे पिढ्यान् पिढ्या साठत जातं.

हा नुसता अंदाज नाही. ओरेगॉनमध्ये हूड नदीतल्या स्टीलहेडचे जीन्स तपासून कोणाची पिल्लं किती जगली ते शोधलं गेलं, आणि २००७ मध्ये सायन्स या मासिकात निष्कर्ष छापून आला की कैदेत वाढलेल्या दर पिढीमागे नदीत वंश वाढवायची ताकद साधारण ४० टक्क्यांनी घटते. दर पिढीमागे! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकडा दोनदा बघितला. प्रत्येक हॅचरीत आणि प्रत्येक जातीत हे इतकंच होतं असं नाही, पण दिशा कळली.

धोका असा की हे हॅचरीचे मासे समुद्रातून परत आल्यावर सगळे हॅचरीत जात नाहीत, काही वाट चुकून किंवा जागा बघून जंगली माशांच्या ओढ्यात शिरतात, तिथे जोडी जमते आणि कमकुवत जीन्स जंगली वंशात मिसळतात. म्हणून जिथला जंगली वंश जपायचाच आहे, तिथे अंडी घालणाऱ्या माशांत बाहेरून आलेले हॅचरीचे ५ टक्क्यांच्या आत असावेत, असा दंडक शास्त्रज्ञांच्या गटाने सुचवलेला आहे.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. लोणावळ्याला वळवण तलावाजवळ टाटांची महसीरची हॅचरी आहे, कृत्रिम पद्धतीने महसीर वाढवण्यात तिचं काम खरोखर मोठं आहे, निळ्या पराच्या महसीरची लाखो पिल्लं तिथून देशभर गेली. पण तीच पिल्लं कावेरीतही सोडली गेली, आणि तिथला मूळचा कुबडा महसीर, जगात फक्त कावेरीच्या खोऱ्यात सापडणारा, आता नामशेष व्हायच्या उंबरठ्यावर आहे. अभ्यासकांनी गळाने मासे धरणाऱ्यांच्या जुन्या नोंदी काढून दाखवलं की निळा वाढत गेला तसा कुबडा घटत गेला. त्याला धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासे मारणं हीही कारणं आहेतच. पण निळे सोडताना त्यांच्यावर काही खूण नव्हती आणि मागे कोणी मोजत बसलं नव्हतं, म्हणून कळेपर्यंत उशीर झाला.

पर, तार आणि फास्टॅग

कोलंबियात खूण असते. पाठीवर शेपटीच्या अलीकडे एक छोटा मऊ पर असतो, अ‍ॅडिपोज फिन म्हणतात त्याला. हॅचरीत तो कापतात, पुन्हा उगवत नाही. आता यासाठी गाड्या आहेत, लांबलचक ट्रेलर, आत मशीन पिल्लाला मापाप्रमाणे वेगवेगळ्या खाचेत घेते, पर कापते आणि लगेच पाण्यात सोडते. पर नाही म्हणजे हॅचरीचा, आहे म्हणजे जंगली समजायचा, हे लहान मुलालाही गळावरचा मासा बघून कळतं.

पण पर फक्त "हॅचरीचा" एवढंच सांगतो, कुठल्या हॅचरीचा आणि कुठल्या वर्षीचा ते नाही. त्यासाठी काही पिल्लांच्या नाकाडात तारेचा तुकडा टोचतात, १.१ मिलिमीटर लांब आणि पाव मिलिमीटर जाड, त्यावर नंबर कोरलेला. मासा मोठा होऊन धक्क्यावर आला की तिथला माणूस डोक्यावरून यंत्र फिरवतो, आवाज आला की डोकं कापून पिशवीत, पिशवी लॅबमध्ये, तिथे तार शोधून काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली नंबर वाचतात. अलास्कात पकडलेला मासा आयडाहोत वाढला होता हे असं कळतं.

तार वाचायला मासा मारावा लागतो. जिवंत माशासाठी पिट टॅग आहे, तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी, पोटात सुईने बसवतात, आत बॅटरी नाही. धरणाच्या जिन्यात अँटेना असतात, मासा खालून गेला की नंबर नोंदला जातो. आपल्या टोलनाक्यावरचा फास्टॅग बघा, तत्त्व तेच. आयडाहोला जाणाऱ्या माशाला आठ धरणं लागतात, म्हणजे आठ नाके. तिसऱ्यावर दिसला, चौथ्यावर नाही, म्हणजे मधल्या पाण्यात काहीतरी झालं.

आणि सगळ्यात नवीन युक्ती मला फार आवडते. पिल्लांना काही टोचायचंच नाही. हॅचरीत ज्या आई-बापांपासून पिल्लं काढली त्या सगळ्यांच्या पराचा बारीक तुकडा घेऊन जीन्स नोंदवून ठेवायचे, मग पुढे कुठलाही मासा हाती लागला की त्याचे आई-बाप कोण ते यादीत शोधायचे. स्नेक नदीच्या हॅचऱ्यांमध्ये २००८ पासून हे सुरू आहे.

खिडकीमागे बसलेली माणसं

बोनव्हिलला १९३८ पासून मासे मोजतायत. पर्यटकांची खिडकी वेगळी आणि मोजणाऱ्यांची वेगळी. तिथे माणूस बसतो, मासा गेला की बटण, चिनूकचं वेगळं, कोहोचं वेगळं, आणि स्टीलहेड असेल तर पर आहे की नाही तेही. तासातली ५० मिनिटं मोजायचं, १० मिनिटं डोळ्यांना विश्रांती, आणि आकडा त्या हिशोबाने वाढवून धरायचा.

यातून पुढच्या वर्षाचा अंदाजही निघतो. चिनूकचे काही नर समुद्रात एकच वर्ष राहून लवकर परत येतात, आकाराने लहान, त्यांना जॅक म्हणतात. यंदा जॅक भरपूर आले म्हणजे त्यांच्या वयाची भावंडं समुद्रात बऱ्यापैकी जगलीत आणि पुढच्या वर्षी मोठी होऊन येतील.

मग नदीकाठी फिरणारी माणसं, कुणी गळावर किती मासे धरले हे विचारत जाणारी. त्याला क्रील सर्व्हे म्हणतात. रविवारी दुपारी तुम्ही बोटीतून उतरता आणि वही-टॅब घेतलेली एक मुलगी येऊन विचारते किती तास होतात, किती ठेवले, किती सोडले, मासा मोजते, पर बघते. लोक तिला टाळतात, वेळ खाते म्हणतात. तिच्याशिवाय पुढचं काहीच चालत नाही, ते कसं ते आता बघू.

शुक्रवारी संध्याकाळी नोटीस का येते

कोलंबिया खोऱ्यातले सॅमन-स्टीलहेडचे १३ वंश अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली आहेत. हॅचरीचा आणि जंगली मासा एकाच वेळी, एकाच पाण्यातून, एकाच आमिषाकडे येतात, गळ काही पर बघून लागत नाही. जंगली लागला तर सोडायचा. पण सोडलेले सगळे जगत नाहीत, दमतात, कल्ल्याला जखम होते, पाणी गरम असेल तर आणखी वाईट.

समजा एका हंगामात १०,००० जंगली मासे येणार आहेत आणि गळवाल्यांच्या हातून त्यातले २ टक्केच मेलेले चालतील असं ठरलंय. म्हणजे २०० मासे. सोडलेल्या दर १०० मधले १० मरतात असं धरलं, तर २,००० जंगली मासे गळाला लागून सुटले की २०० चा कोटा संपला. मग नदीत हॅचरीचे लाखभर मासे उड्या मारत असोत, हंगाम बंद. हे आकडे मी समजवायला घेतलेत, पण खरी मर्यादा फार वेगळी नाही: वसंतात वरच्या खोऱ्यात जाणाऱ्या चिनूकसाठी नेटिव्ह जमाती सोडून बाकी सगळ्यांना मिळून जंगली माशांवर अर्धा ते २.७ टक्के, किती मासे येतायत त्यावर ठरणारी.

म्हणजे महिन्याचा पगार नसून महिन्याची उधारी मोजत जगण्यासारखं आहे हे. जंगली मासे किती सुटले हे फक्त नदीकाठच्या त्या मुलीच्या वहीतून कळतं, आठवडाभराची बेरीज होते, धरणावरचा आकडा अंदाजापेक्षा कमी आला तर कोटाही आकसतो, आणि ओरेगॉन-वॉशिंग्टनचे अधिकारी बैठक घेऊन एक-दोन दिवसांत बंदी लावतात. २०२१ मध्ये बोनव्हिलला स्टीलहेड इतके कमी आले की इतक्या वर्षांच्या मोजणीतल्या सगळ्यात वाईट वर्षांत त्याची गणना झाली, आणि हॅचरीचे मासे ठेवण्यावरही निर्बंध आले. आमच्या ग्रुपवरच्या मित्राचा शनिवार गेला तो असा. मला त्याचं वाईट वाटतं, पण नोटीस काढणाऱ्याने काम चोख केलं होतं.

"मग मासेमारीच कायमची बंद करा ना"

आपल्याकडे जून-जुलैत समुद्रात बंदी असते तशी सरसकट बंदी का नाही, असं वाटतं. पण इथे उलटं गणित आहे. हॅचरीचे मासे पकडलेच नाहीत तर ते सगळे वर जाणार आणि जंगली माशांच्या ओढ्यात शिरणार. पर कापलेला मासा घरी नेणं हे जंगली वंशाच्या फायद्याचं असतं. शिवाय ते मासे पकडण्यासाठीच सोडलेत, लायसन्सचे पैसे त्याच कामाला लागतात.

"नेटिव्ह लोकांना वेगळे नियम का"

हा प्रश्न आपले लोकही जरा चढ्या आवाजात विचारतात म्हणून थोडं थांबून सांगतो. १८५५ मध्ये याकामा, युमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि नेझ पर्स या जमातींनी अमेरिकन सरकारशी तह केले, प्रचंड जमीन सोडली, आणि आपल्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. सरकारने दिलेली ही सवलत नव्हे, त्यांनी न विकलेली वस्तू आहे. पुढे शंभर वर्षं त्यांच्याच लोकांना मासे धरले म्हणून अटका झाल्या. १९६९ मध्ये न्यायाधीश बेलोनी यांनी जमातींना न्याय्य वाटा मिळालाच पाहिजे असं सांगितलं, १९७४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या खटल्यात न्यायाधीश बोल्ट यांनी तो वाटा निम्मा ठरवला. तेव्हापासून जमाती या कारभारात भागीदार आहेत, त्यांचे स्वतःचे शास्त्रज्ञ आहेत, स्वतःच्या हॅचऱ्या आहेत.

आणि पर कापण्यालाच त्यांच्यातल्या अनेकांचा आक्षेप आहे. त्यांचं म्हणणं, मासा ओढ्यात परत जाऊन अंडी घालण्यासाठी असतो, तुम्ही त्याचा पर कापून त्याला फक्त पकडायची वस्तू केलंत. मला यात तथ्य वाटतं. स्नेक नदीतला शरदातला चिनूक बघा, १९९० मध्ये लोअर ग्रॅनाइट धरण ओलांडणारे मोठे जंगली मासे होते फक्त ७८. मग हॅचरीची पिल्लं मुद्दाम मूळ जागी नेऊन सोडली, त्यात नेझ पर्स जमातीचा मोठा वाटा, आणि २०१४ मध्ये तिथे ६० हजारांच्या घरात चिनूक आले. बहुतेक हॅचरीच्या वंशातले, हे खरं. पण नदी रिकामी नव्हती.

"सरळ हॅचऱ्याच बंद करा"

१९९२ मध्ये आयडाहोतल्या रेडफिश लेकला समुद्रातून जवळपास १,४५० किलोमीटर पोहत, २,००० मीटर उंची चढून एकच सॉकाय पोचला. एक नर. लोकांनी त्याचं नाव ठेवलं लोनसम लॅरी. त्या वंशाचे थोडे मासे हॅचरीत नेऊन जपले म्हणून तो वंश आज आहे, नाहीतर गोष्ट तिथेच संपली असती. त्यामुळे हॅचरी वाईट की चांगली असा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. कुठे, कुठल्या माशाची, किती आणि परत आल्यावर त्यांचं काय करणार, असं विचारायला हवं. किती कोटी पिल्लं सोडली यावर पाठ थोपटून घेणं मात्र थांबायला हवं, कारण वरच्या खोऱ्यातून निघालेल्या १०० पिल्लांतलं अनेकदा एकही मोठं होऊन परत येत नाही.

आणि धरणं?

खरी गाठ तिथेच आहे. स्नेक नदीवरची खालची चार धरणं पाडावीत का यावर कित्येक वर्षं कोर्टकचेऱ्या चालू आहेत, एका बाजूला मासे आणि तह, दुसऱ्या बाजूला वीज, आणि नदीतून बार्जने जाणारा गहू. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकार, जमाती आणि दोन राज्यांचा एक करार झाला होता, जून २०२५ मध्ये नव्या सरकारने त्यातून अंग काढून घेतलं. पाणीही तापतंय, २०१५ च्या उन्हाळ्यात गरम पाण्याने अडीच लाखांहून जास्त सॉकाय वाटेतच मेले. तेव्हा किती मेले हेसुद्धा कळलं ते नाक्यांवरच्या आकड्यांमुळे.

तुम्ही गळ घेऊन जाणार असाल तर

निघायच्या आधी त्या दिवसाची नोटीस बघा, आदल्या आठवड्याची नको. उलटा काटा नसलेला गळ लावा. मासा लागला की जास्त वेळ खेळवू नका, पाण्यातच ठेवून पाठीवरचा तो छोटा पर बघा, असेल तर फोटोसाठीसुद्धा वर उचलू नका, वॉशिंग्टनमध्ये तर सोडायचा सॅमन-स्टीलहेड पूर्ण पाण्याबाहेर काढणं हाच गुन्हा आहे. ठेवला तर मासे नोंदवायच्या कार्डावर तिथल्या तिथे नोंद करा. आणि वही घेतलेली मुलगी आली तर सोडलेले मासेही सांगा. आमचा तो मित्र परवा पुन्हा गेला होता, तिने विचारलं, त्याने एक ठेवलेला सांगितला आणि बोटीत बसायला निघाला, मग मागे फिरून म्हणाला, दोन सोडले, दोघांनाही पर होता, एकाच्या कल्ल्यातून थोडं रक्त येत होतं. तिने तेही लिहून घेतलं.